दाब, प्रवाह आणि रोध : पांढुर्णा-सौंसरच्या मुलुखातील तारांची कथा

नागपूरहून उत्तरेकडे निघालेली गाडी काटोल आणि नरखेड मागे टाकून मध्य प्रदेशाच्या हद्दीत शिरते, तेव्हा पहिले मोठे स्थानक लागते ते पांढुर्ण्याचे. हद्द ओलांडल्याची खूण भाषेत मात्र सापडत नाही. फलाटावरची मराठी तीच, संत्र्यांच्या पेट्या त्याच आणि बाहेरच्या शेतांतली कपाशीही तीच. तेथून पूर्वेस, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर सौंसर वसले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे दोन मराठी तालुके छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात या भागाचा पांढुर्णा हा निराळा जिल्हा करण्यात आला.

पांढुर्ण्याचे नाव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे वर्तमानपत्रांत येते आणि संत्र्यामुळे बाजारात येते. परंतु या गावाच्या शिवारात उभे राहून कोणी क्षणभर मान वर केली, तर त्याला आणखी एक गोष्ट दिसेल. रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब आहे. शेतांवरून जाणाऱ्या तीन तारांच्या ओळीत ११,००० व्होल्टचा आहे. आणि खांबाखांबांवरून विहिरीपर्यंत गेलेल्या तारांत, पंपासाठी, अवघा ४१५ व्होल्टचा आहे. घरातल्या दिव्याला तर २३० पुरतो. वीज एकच, गाव एकच, मग एका गावाच्या आकाशात इतके निरनिराळे दाब कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर शाळकरी मुलाच्या वहीत असते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपियरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मोजावयाची, एवढे पाठ असले म्हणजे झाले. नरखेडचे मूल या रोधाला 'रोध' म्हणते आणि पलीकडे पांढुर्ण्याचे मराठी घरातले मूल हिंदी पुस्तकात त्यालाच 'प्रतिरोध' म्हणून वाचते. गणिताचे उत्तर मात्र दोघांचे सारखेच येते.

उदाहरण म्हणून घरातली कपड्यांची इस्त्री घेऊ. तिच्यावर १,००० वॅट आणि २३० व्होल्ट असे लिहिलेले असते. १,००० ला २३० ने भागले की प्रवाह आला ४.३५ अँपियर, २३० ला ४.३५ ने भागले की रोध आला सुमारे ५३ ओहम. आता संध्याकाळी गावाचा दाब उतरून १८० व्होल्टवर आला, असे समजा. इस्त्रीतली तार बदललेली नाही, म्हणून रोध ५३ च. प्रवाह मात्र ३.४ अँपियरवर आला आणि शक्ती ६१२ वॅटवर. दाब पाचव्या हिश्श्याहून थोडासा अधिक घटला, तर उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात शक्ती घटते हा या हिशेबाचा पहिला चकवा आहे, आणि पुढे सांगावयाच्या बहुतेक गोष्टी या वर्गाच्याच करामती आहेत.

दुसरा चकवा साध्या तारेच्या दिव्यात आहे. ६० वॅटच्या दिव्याचा रोध याच रीतीने काढला तर ८८० ओहमांच्या आसपास येतो. पण दिवा बंद असताना, थंड तारेचा रोध मोजला, तर तो याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. गणित चुकलेले नसते. तार तापल्यामुळे तिचा रोधच वाढलेला असतो. म्हणजे ज्याला मुले ठरीव संख्या समजतात, तो रोध स्वतः उन्हातान्हात बदलणारा आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे ज्या माणसाने हा नियम प्रथम सिद्ध केला, त्याच्यापुढे केवढी अडचण होती ते कळते.

त्याचे नाव गेऑर्ग सिमोन ओहम. जर्मनीतील एर्लांगेन गावी १७८९ साली एका कुलूपकाराच्या घरी त्याचा जन्म झाला. बाप शाळेत शिकलेला नव्हता. परंतु स्वतः पुस्तके वाचून त्याने गणित आत्मसात केले होते आणि मुलांना तेच शिकविले. पुढे १८१७ मध्ये ओहम कोलोन येथील जुन्या जेझुइट विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागला. पगार बेताचा, तास पुष्कळ. परंतु विद्यालयाची प्रयोगशाळा चांगली होती आणि शाळेच्या वेळेबाहेर ती मास्तरांना मोकळी असे. विजेच्या इतिहासातला एक मोठा शोध विद्यापीठात न लागता एका शाळामास्तराच्या रिकाम्या तासांत लागला, ही गोष्ट शाळामास्तरांनी सांगितली नाही तर दुसरे कोण सांगणार?

त्या काळी विजेचा प्रवाह मिळविण्याचे साधन म्हणजे व्होल्टाची रासायनिक घटमाला. तिच्यात एक खोड होती. तार जोडली की पहिल्या क्षणी प्रवाह जोराचा येई आणि पाहता पाहता तो मंदावे. ढकलणारा दाबच स्थिर नसेल, तर तारेच्या लांबीचा परिणाम मोजावयाचा कसा? १८२५ साली ओहमने या घटमालेवर प्रयोग करून एक सूत्र प्रसिद्ध केले आणि ते चुकीचे निघाले. तेव्हा जर्मन भाषेतील प्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकाचा संपादक पोगेनडॉर्फ याने त्याला सुचविले की, घटमाला सोडून उष्णतेपासून वीज घ्यावी. चार वर्षांपूर्वीच झेबेक याने दाखविले होते की, दोन निरनिराळ्या धातूंचे सांधे एक गरम व एक थंड ठेवले तर त्या वर्तुळात प्रवाह वाहतो.

ओहमने बिस्मथ आणि तांबे यांची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा वितळत्या बर्फात. उकळते पाणी आणि वितळते बर्फ यांचे तापमान हलत नाही. म्हणून दाबही हलेना. प्रवाह मोजण्यासाठी त्याने एक चुंबकसूची बारीक पट्टीवर टांगली. प्रवाहामुळे सूची वळे. तिला पूर्वस्थानी आणण्यासाठी पट्टीला किती पीळ द्यावा लागतो ते वाचले की प्रवाहाचे माप मिळे. मग त्याने एकाच तांब्याच्या तारेचे आठ तुकडे केले : २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंचांचे. १८२६ च्या जानेवारीत त्याने हे तुकडे एकामागून एक जोडले आणि आकडे लिहून घेतले.

हे आकडे आजही अभ्यासण्याजोगे आहेत. दोन इंचांच्या तारेला पीळ आला सुमारे ३२७, आणि १३० इंचांच्या तारेला सुमारे ४८ १/२. तार पासष्ट पट लांब झाली. मग प्रवाह पासष्टावा हिस्सा व्हावयास हवा होता. तो झाला जेमतेम सातवा. एखादा घाईचा माणूस येथेच निराश झाला असता. ओहमच्या ध्यानात आले की, प्रवाह केवळ त्या तुकड्यातून जात नाही. तो बिस्मथमधून, सांध्यांतून, साऱ्या उपकरणातून फिरून येतो आणि या सगळ्याचा मिळून काही रोध आहे. तो रोध त्याच तारेच्या सव्वावीस इंच लांबीएवढा धरला की सगळे आकडे ओळीत बसतात. मग लहान तारेच्या वर्तुळाची लांबी होते २ अधिक सव्वावीस, म्हणजे सव्वाबावीस. मोठीची १३० अधिक सव्वावीस, म्हणजे दीडशे आणि पाव. यांचे प्रमाण पावणेसातपट येते, आणि ३२७ व ४८ १/२ यांचेही तेच येते. नियमाचा जन्म या बेरजेत आहे. प्रवाह म्हणजे दाब भागिले संपूर्ण रोध. आणि या 'संपूर्ण' शब्दाचा विसर पडला की काय होते ते शेतावरच्या पंपाच्या कथेत पुढे येईलच.

१८२७ मध्ये बर्लिनला ओहमचे पुस्तक निघाले. जर्मन विद्वानांनी त्याचे थंडे स्वागत केले. प्रयोगापेक्षा त्यात गणितच फार आहे, असे कित्येकांना वाटले. ओहमने कोलोनची नोकरी सोडली, बर्लिनमध्ये काही वर्षे थोडक्या तासांच्या शिकवणीवर दिवस काढले, आणि १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्याला जागा मिळाली. मायदेशाच्या आधी परदेशाने त्याला ओळखले : लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कोप्ले पदक दिले. विद्यापीठातले अध्यापकपद त्याला म्युनिक येथे १८५२ मध्ये लाभले, आणि दोनच वर्षांनी तो वारला.

जाता जाता एक मौजेची गोष्ट. ओहमच्या आधी जवळजवळ अर्धशतक इंग्लंडातील हेन्री कॅव्हेंडिश या विक्षिप्त गृहस्थाने याच नियमाचा सुगावा लावला होता. प्रवाह मोजण्याचे यंत्र नसल्याने तो विजेचा धक्का स्वतःच्या अंगाला लावून घेई आणि कोणता धक्का अधिक झोंबला त्यावरून तुलना करी. त्याने ते छापलेच नाही. १८७९ साली मॅक्सवेलने त्याची टिपणे प्रसिद्ध केली, तोवर नियमाला ओहमचे नाव चिकटून गेले होते.

शक्तीचा हिशेब पुढच्या पिढीने पुरा केला. मद्य गाळणाऱ्या कारखानदाराचा मुलगा जेम्स ज्यूल याने १८४० च्या सुमारास तारा पाण्यात बुडवून पाणी किती तापते ते मोजले. त्याला आढळले की, उष्णता प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला तर तार चौपट तापते. तिप्पट केला तर नऊपट. शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, हे सूत्र दाब गुणिले प्रवाह याच सूत्राचे दुसरे रूप होय. पण तारेत वाया जाणारी वीज मोजावयाची असेल तर हेच रूप उपयोगी पडते.

आता मोजमापासाठी एकक हवे होते. व्यापाऱ्यापाशी शेर आणि वार असावा, तसा विजेच्या कारागिरापाशी ठरीव रोध असावयास हवा. १८८१ साली पॅरिसला भरलेल्या परिषदेत ओहम, व्होल्ट आणि अँपियर ही नावे सर्व राष्ट्रांनी मान्य केली. पुढे ओहमची व्याख्या पाऱ्याच्या स्तंभावर बेतण्यात आली : वितळत्या बर्फाच्या तापमानात, १०६.३ सेंटिमीटर उंचीच्या आणि ठरीव वजनाच्या पाऱ्याचा जो रोध तो एक ओहम. परंतु पाऱ्याची नळी घेऊन कोणी कारखान्यात हिंडत नाही. रोजच्या कामाला तारेची वेटोळी हवीत. आणि तांब्याची तार घेतली तर तिचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्क्याने बदलतो. पौषातल्या पहाटे दहा अंशांवर असलेली तार वैशाखात पंचेचाळीसवर गेली, तर तिचा रोध चौदा टक्क्यांनी वाढलेला असतो. असा वार कोणत्या दुकानात चालेल?

ही अडचण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड वेस्टन याने दूर केली. जन्माने इंग्रज, पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या या शास्त्रज्ञाने अशी मिश्रधातू शोधली की, तिचा रोध नेहमीच्या हवामानात जवळजवळ बदलतच नाही. तिच्यात तांबे सुमारे ८४ टक्के, मँगनीज १२ टक्के आणि उरलेले निकेल असते. मँगनीजवरून तिचे नाव मँगनिन पडले. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत प्रमाणभूत रोध म्हणून याच धातूची वेटोळी तेलात बुडवून ठेवली जाऊ लागली.

आणि मँगनीज म्हटले की वाट पुन्हा सौंसरला येते. या तालुक्यात काचीढाणा, गोवारी वडोना, सीतापार अशी मँगनीजच्या खाणींची गावे आहेत. भारतीय भूशास्त्र विभागातील लुइस फर्मर या अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातील या खाणी पायांखाली घालून १९०९ साली भारतातील मँगनीजवर एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. गोंड लोकांवरून त्याने मँगनीजयुक्त खडकाच्या एका जातीला 'गोंडाइट' हे नाव दिले, आणि सीतापारच्या एका काळ्या खनिजाला 'सीतापाराइट'. पुढच्या तपासणीत ठरले की, हे खनिज अमेरिकेतील यूटामध्ये आधीच सापडलेल्या बिक्सबाइटाहून निराळे नाही, आणि सीतापारचे नाव खनिजांच्या यादीतून गेले. तालुक्याचे नाव मात्र टिकले. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा आणि बालाघाटपर्यंत पसरलेल्या अतिप्राचीन मँगनीजयुक्त खडकांच्या मालिकेस भूशास्त्रज्ञ आजही 'सौंसर समूह' म्हणतात. येथील मँगनीज मुख्यतः पोलादाच्या कामी आले. मँगनिनच्या वेटोळ्यांना ते लागते ते अगदी चिमूटभर. तरीही ज्या धातूने ओहमच्या एककाला स्थैर्य दिले, त्या धातूच्या खाणीत राबणाऱ्या माणसांच्या मुलांनी ओहमचा नियम परक्या देशाचा समजावा, हे काही बरे नव्हे.

नियम झाला, एकक झाले. आता आकाशातल्या तारांचा प्रश्न.

न्यूयॉर्कमध्ये एडिसनने १८८२ च्या सप्टेंबरात पर्ल स्ट्रीटचे वीजघर सुरू केले, तेव्हा त्याच्या विजेचा दाब ११० व्होल्टच्या आसपास होता. घरात खेळविण्यास तो सुरक्षित. पण मैलभराच्या पलीकडे त्या विजेचा निभाव लागेना. कारण समजण्यासाठी एक सोपा हिशेब करून पाहावा. वीजघरापासून शेतापर्यंतच्या तारेचा, जाण्याचा आणि येण्याचा मिळून, रोध २ ओहम आहे आणि २३० व्होल्टने २० अँपियर प्रवाह सोडला आहे असे धरा. निघताना शक्ती आहे ४,६०० वॅट. वाटेत तार खाते २० चा वर्ग गुणिले २, म्हणजे ८०० वॅट. दाबातले ४० व्होल्ट वाटेतच गळतात आणि शेतावर पोचतात १९०. आता तीच ४,६०० वॅट शक्ती त्याच तारेतून ११,००० व्होल्टने पाठवा. प्रवाह लागतो अर्ध्या अँपियरहूनही कमी, ०.४२, आणि तारेत वाया जाते अवघे ०.३५ वॅट. आठशे कोठे आणि एक-तृतीयांश कोठे! दाब अठ्ठेचाळीस पट वाढविला, म्हणून गळती अठ्ठेचाळीसच्या वर्गाने घटली.

दाब वाढविणे आणि पुन्हा उतरविणे हे काम एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात त्या काळी साधत नव्हते. दिशा बदलणाऱ्या, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहात ते रोहित्राने साधते. बुडापेस्टच्या तीन अभियंत्यांनी १८८५ साली व्यवहारात टिकेल असे रोहित्र बनविले आणि वीज घराबाहेर पडून दूरदेशी निघाली. महाराष्ट्राने हे फार लवकर पाहिले. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, आणि सह्याद्रीच्या पावसाची वीज लाखभर व्होल्टच्या दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे धावू लागली.

रेल्वेने मात्र प्रथम दुसरी वाट धरली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे, बंदरमार्गावर, भारतातली पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. त्या दशकाच्या शेवटी घाट चढण्यासाठी आलेल्या, लोकांनी ज्याला 'खेकडा' म्हटले त्या, २,६०० अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण जोर लावताना सुमारे १,३०० अँपियर प्रवाह लागे. एवढा प्रवाह वाहून नेण्यास तांबे भरपूर हवे आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र हवे. घाट थोडके आणि गाड्या दाट असल्या तर हा खर्च परवडतो. हजार मैलांच्या मार्गाला परवडत नाही. फ्रान्समधील प्रयोग पाहून १९५७ साली भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती पद्धत स्वीकारली. मुंबईचा जुना दाब हळूहळू बदलत गेला, आणि ज्या बंदरमार्गावर १९२५ मध्ये आरंभ झाला त्याच मार्गावर २०१६ च्या एप्रिलमध्ये १,५०० व्होल्टची शेवटची लोकल धावली.

नागपूर-इटारसी मार्गावर विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात तारा आल्या त्या थेट २५,००० व्होल्टच्याच. पांढुर्ण्याच्या पुढे तीगाव ते चिचोंडा या टापूत गाडीला सातपुड्याचा घाट चढावा लागतो, आणि जड मालगाडीची खरी परीक्षा तेथे होते. सहा हजार अश्वशक्तीचे आजचे इंजिन म्हणजे सुमारे ४५ लाख वॅट. २५,००० व्होल्टने त्याला १८० अँपियर पुरतात. १,५०० व्होल्टने तेच इंजिन ३,००० अँपियर मागेल. तार तीच ठेवली तर वाटेतली गळती पावणेतीनशे पटींहून अधिक होईल. म्हणून पांढुर्ण्याच्या रुळांवरची तार इतकी सडपातळ दिसते आणि उपकेंद्रांत चाळीस-पन्नास किलोमीटरचे अंतर ठेवता येते. सौंसरहून जाणारी अरुंद मापाची चिमुकली गाडी २०१५ मध्ये बंद झाली. त्या जागी रुंद मापाचा मार्ग झाला आणि त्याच्यावरही याच दाबाची तार आली.

रेल्वेचा हिशेब अभियंते करतात आणि तो चोख असतो. खरी ओढाताण शेवटच्या तारेवर होते, ज्या तारेच्या टोकाला विहीर आहे.

आंबिया बहाराची संत्री उन्हाळाभर झाडावर असतात. त्या दिवसांत आठवडाभर पाणी तुटले की फळगळ सुरू होते आणि वर्षाचे उत्पन्न मातीत जाते. नेमक्या त्याच दिवसांत प्रत्येक विहिरीवरचा पंप चालू असतो. शेतकरी ज्याला 'डीपी' म्हणतात त्या रोहित्रापासून दूरच्या विहिरीपर्यंत ४१५ व्होल्टची तार गेलेली असते, आणि वाटेतला प्रत्येक पंप त्या तारेतून आपापला प्रवाह ओढतो. उन्हाने तारेचा रोधही वाढलेला असतो. ओहमच्या आठ तुकड्यांत जसा उपकरणाचा सव्वावीस इंच रोध लपलेला होता, तसा येथे त्या लांबलचक तारेचा रोध लपलेला असतो. पंपाच्या पाटीवर तो लिहिलेला नसतो. शेवटच्या विहिरीवर दाब चौथाईने उतरलेला मिळणे ही अशा वेळी नवलाची गोष्ट राहत नाही.

येथे इस्त्रीचा हिशेब पंपाला लावणारा माणूस फसतो. कमी दाबात इस्त्री कमी प्रवाह घेते आणि नुसती थंड राहते. मोटर तशी नाही. तिच्यावर पाण्याचा बोजा तोच असतो, म्हणून ती ठरलेली शक्ती घेऊ पाहते आणि दाब घटला की प्रवाह वाढविते. ढोबळ हिशेबाने, दाब चौथाईने घटला तर प्रवाह तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. आणि ज्यूलच्या वर्गाप्रमाणे वेटोळ्यांतली उष्णता पावणेदोनपट होते. तासन् तास असे चालले की तारेवरचा वार्निश करपतो, आणि मग 'मोटर जळाली' हे शब्द ऐकू येतात. त्याहून वाईट प्रसंग म्हणजे दाब इतका उतरतो की मोटर फिरूच शकत नाही, नुसती घुमत राहते. फिरत्या मोटरमध्ये प्रवाहाला उलट ढकलणारा एक दाब निर्माण होत असतो. म्हणून चालू मोटरचा दाब भागिले प्रवाह केले तर वेटोळ्यांचा रोध मिळत नाही, ही चूक पुष्कळ विद्यार्थी करतात. मोटर थांबली की तो उलट दाबही नाहीसा होतो आणि प्रवाह नेहमीच्या पाच-सहा पट होतो. फ्यूजची तार अशा वेळी वितळावी म्हणूनच असते. ती वारंवार वितळते म्हणून तिच्या जागी जाड तार गुंडाळणारे लोक पुष्कळ आहेत. मग फ्यूजऐवजी मोटर वितळते, एवढाच काय तो फरक. मोटर गुंडाळून घेण्याचा खर्च तर असतोच. पण त्या दोन-तीन दिवसांत बागेला पाणी नसते, आणि तो तोटा कोणत्याही पावतीवर येत नाही.

यावरचा उपायही त्याच गणितातून निघाला. ४१५ व्होल्टची तार लांबवीत नेण्याऐवजी ११,००० व्होल्टची तारच विहिरीजवळ न्यावयाची आणि तेथे लहानसे रोहित्र बसवून दोन-चार पंपांपुरता दाब उतरवावयाचा. उच्च दाब वितरण पद्धती या नावाने ही रीत महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशातही अंगीकारली गेली आहे. रोहित्रे अधिक लागतात, आरंभीचा खर्च वाढतो. परंतु तारेत जळणारी वीज वाचते आणि शेवटच्या विहिरीलाही पहिल्या विहिरीइतकाच दाब मिळतो. जेथे ती पोचलेली नाही तेथे अनुभवी वायरमन मोटर उघडण्याआधी स्टार्टरपाशी दाब मोजतो, चिमट्याच्या मीटरने तारेतला प्रवाह मोजतो, दोन्ही आकडे मोटरच्या पाटीशी ताडून पाहतो आणि मग मालकाला पहिला प्रश्न विचारतो, डीपी येथून किती खांब लांब आहे?